मालूअक्का राहिल्या

तारळेकरांच्या लग्नाच्या कॅसेटमधल्या एकशे बेचाळीस माणसांपैकी एकशे एकेचाळीस जणांनी डिस्कवर बदली घ्यायला संमती दिली. राहिल्या त्या एकट्या मालूअक्का.

कॅसेटला बुरशी धरू लागली की आतली माणसं हलवावी लागतात, आणि हलवायची तर आधी त्यांना विचारावं लागतं. मिरजेत हे काम झंकार व्हिडिओची यास्मिन मुल्ला करते. पद्धत सरळ आहे. कॅसेट लावायची, माणूस पडद्यावर आला की पॉज दाबायचा आणि त्याला फॉर्म वाचून दाखवायचा. संमती असेल तर तो हात वर करतो. कॅसेट चालू असताना माणसं आपापल्या कामात असतात, त्यांना मान वर करायची फुरसत नसते. पॉजवर ती मोकळी होतात. मात्र पॉज पाचच मिनिटांचा. त्यानंतर व्हीसीआर आपण होऊन बंद पडतो, आणि दर पॉजला टेप थोडी घासली जाते ती वेगळीच.

या सगळ्याला 'बदली' म्हणतात हे कळल्यावर रघुवीर तारळेकरांना फार बरं वाटलं होतं. छत्तीस वर्षं ते एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत होते, आणि छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बदल्या केल्या होत्या. विनंती बदली, प्रशासकीय बदली, आपसी बदली, तोंडी लावायला पती-पत्नी एकत्रीकरण. स्वतः मात्र खिडकीजवळच्या टेबलावरून पंख्याखालच्या टेबलावर, एवढीच काय ती त्यांची हालचाल. त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतःच्या लग्नाची सामुदायिक बदली हाती येताच ते नवा पेन खिशाला लावूनच दुकानात हजर झाले. सोबत पत्नी विजयाबाई होत्या. आपल्या लग्नात आपल्याला न विचारता काही ठरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

संमत्या दोन दिवसांत झाल्या. बँडवाल्यांनी क्लॅरिनेटचा बिघडलेला सूर आहे तसा नेणार का, एवढं विचारून हात वर केले. भटजींनी पंचांग बघून हात वर केला. नवऱ्या मुलीनं, म्हणजे एकवीस वर्षांच्या विजयाबाईंनी, अट घातली, "माझी नथ वाकडी आलीय. ती सरळ होणार असेल तरच मी येईन." स्टुलावर बसलेल्या पंचावन्न वर्षांच्या विजयाबाई म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती." नवरा मुलगा रघुवीर यानं मुंडावळ्या बाजूला सारून 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात केली आणि पाचही मिनिटं एकट्यानं खाल्ली. शूटिंग करणारे बाबूभाई मुल्ला, म्हणजे यास्मिनचे वडील, कार्यालयातल्या आरशात एकदाच, खांद्यावर कॅमेरा घेऊन दिसत होते. त्यांनी फॉर्म ऐकून घेतला नाही. "जेवलीस का?" एवढंच मुलीला विचारलं आणि हात वर केला. तो पॉज यास्मिननं पुरे पाच मिनिटं चालू दिला. टेप घासते वगैरे काही बोलली नाही.

मग मालूअक्का आल्या. आल्या म्हणजे त्यांची पाठ आली. कार्यालयाच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, लोखंडी खुर्चीत बसलेली पाठ. अंबाड्यावर अबोलीचा गजरा. त्या तारळेकरांच्या थोरल्या बहीण, त्या वेळी सदतीस वर्षांच्या. लग्नानंतर पाच वर्षांनी त्या अथणीला, सासरी, वारल्या. फोटो काढून घ्यायचा त्यांना कायम कंटाळा. एक होता तो पुरात अल्बमसकट गेला. तेव्हा अक्का म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते या कॅसेटमध्ये होतं, आणि त्यानंही पाठ फिरवलेली होती. खरं सांगायचं तर तारळेकर हा सगळा खटाटोप करत होते तो अक्कांसाठीच. त्यांना बहिणीचा चेहरा आठवेनासा झाला होता. ही गोष्ट त्यांनी विजयाबाईंनासुद्धा सांगितली नव्हती, कारण सांगायची लाज वाटत होती.

"अक्का," ते पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "बदली आहे. सगळे चाललेत."

"जाऊ देत की," पाठ म्हणाली. "मला काय करायचंय? तुमचं चालू द्या."

"अगं, ही कॅसेट मोडीत निघणार."

"निघू दे. मला कुणी बोलावलंय थोडंच."

तारळेकरांनी नियम सांगितले. पाठीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. पाच मिनिटं संपली आणि पडदा निळा झाला.

यास्मिननं कॅसेट बाहेर काढून टेप उजेडात धरली. "काका, एकशे एकेचाळीस संमत्या घेता घेता पार चाळण झालीय हिची. नुसती चालवायला हरकत नाही, पण पॉज आता दोनच सोसेल. दुसऱ्याच्या शेवटी तुटेलच."

"आणि त्या नाहीच म्हणाल्या तर?"

"ते तुम्ही मशीन कुठलं निवडता त्यावर आहे."

झंकार व्हिडिओत तीन मशिनं होती. तारळेकरांनी कोरा कागद मागून घेतला आणि तुलनात्मक तक्ता आखला, कारण तक्त्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही निवडलं नव्हतं. विजयाबाईंना त्यांनी निवडलं तेव्हाही एक तक्ता होता असं म्हणतात, पण तो पुढे कुणाला सापडला नाही.

पहिलं मशीन काळं, दोन तोंडांचं. एका तोंडात कॅसेट, दुसऱ्यात डिस्क. अख्खं लग्न एका दुपारीत पार. ज्यांची संमती नाही ती माणसं कॅसेटवरच राहतात आणि डिस्कवर त्यांची रिकामी खुर्ची जाते. शेवटच्या रकान्यात, 'राहिलेल्यांचे काय?' या शीर्षकाखाली, तारळेकरांनी 'खुर्ची' असं लिहिलं.

दुसरं मशीन रुपेरी, कॉम्प्युटरला जोडलेलं. ते माणसं सुधारून नेतं. वाकडी नथ सरळ होते, रुसलेला माणूस हसतो, पाठमोरा समोर वळतो, आणि सुधारणेला कुणाची संमती लागत नाही. विजयाबाईंनी तिथंच मत दिलं. तारळेकरही पाघळले. अक्का समोर बघतायत, हसतायत, आणखी काय हवं? पण यास्मिननं नमुन्यादाखल जयसिंगपूरच्या एका लग्नाची डिस्क लावली. पाठवणीला सगळं गाव हसत होतं. मुलगी हसत होती, आई हसत होती, पदरानं हसू टिपत होती. मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ चक्कर येऊन पडत होते, तेही हसतच.

"ही आई अशी हसणारी होती का?" तारळेकरांनी विचारलं.

"माहीत नाही. हा चेहरा मशीननं केलाय."

तारळेकरांनी रकान्यात 'अक्का नव्हे' असं लिहून खाली रेघ मारली. विजयाबाई नथीसाठी थोड्या भांडल्या, मग नवरीची अट आपणच मागं घेऊन मोकळ्या झाल्या.

तिसरं मशीन कोपऱ्यात, वर मेणकापड टाकून ठेवलेलं होतं. लाकडी पेटी, वजनाला भरभक्कम. त्याला एक लग्न पार करायला सात दिवस लागतात. माणसं कॅसेटवरून सुटतात ती सोमवारी, आणि डिस्कवर रुजू होतात ती पुढच्या सोमवारपर्यंत कधीही. मधले सात दिवस त्यांचे त्यांना.

"म्हणजे पदग्रहण अवधी," तारळेकर म्हणाले. जुन्या जागेवरून सुटून नव्या जागी हजर होईपर्यंत नोकराला मिळते ती मोकळीक, असा त्याचा अर्थ.

"आम्ही त्याला डोकेदुखी म्हणतो, काका. अवधीत माणसं कुठं जातात, काय करतात, त्याची जबाबदारी आमची नाही. मागच्या वर्षी एका साठीशांतीतले सतरा पाहुणे थेट कोकणात गेले. आठव्या दिवशी आले. डिस्कवर बघा, होमाशेजारी बसलेत आणि नाकाची सालं निघालीत सगळ्यांची."

"आणि संमती?"

"ती लागतेच. अवधी काय, तो संमतीवाल्यांना."

एक गोष्ट मात्र तिन्ही मशिनांना सारखीच होती. काम संपल्यावर, कॅसेट मोडीत काढण्यापूर्वी, मालकानं एका प्रमाणपत्रावर सही करायची असते: 'सदर कॅसेटमध्ये कोणीही राहिलेले नाही, याची मी समक्ष खात्री केली आहे.' तारळेकरांनी मसुदा वाचला. भाषा चोख होती, पण सही करायला हात धजेना.

दुसऱ्या पॉजला ते तयारीनिशी बसले. अक्कांच्या नावानं त्यांनी बदलीचा आदेश टंकलिखित करून आणला होता. पडदा थांबला, त्यांनी वाचायला घेतलं, आणि तिसऱ्या ओळीवर असतानाच पलीकडच्या खुर्चीतून कमळाकाकू वाकल्या. कमळाकाकू म्हणजे शेजारच्या. पान खात बसलेल्या, संमती देऊन मोकळ्या झालेल्या.

"अरे रघ्या, कागद कसले वाचतोस तिला? ती कागदानं ऐकायची का?"

"मग कशानं, काकू? मानपानाची साडी हलकी पडली म्हणून रुसलीय ना ती? ते आमच्या हिच्या माहेरच्यांनी..."

"कोण म्हणतं? साडी तिनंच निवडली होती. सकाळपासनं तीन पंगतींना जिलबी वाढत होती ही पोरगी. स्वतः घास घेतला नाही. शेवटी माईकवरनं विचारलं, कुणी राहिलं का म्हणून. तेव्हा काय म्हणालास तू? आठवतंय?"

तारळेकरांना काही आठवेना. अंबाड्यावरचा गजरा जरासा हलला. पडदा निळा झाला.

यास्मिननं कॅसेट थोडी मागं नेऊन नुसती चालवली. पंगत उठत होती. माईकवर कुणीतरी विचारत होतं, "जेवायचं कुणी राहिलंय का हो?" आणि मुंडावळ्या गळ्यात आलेला, घामाघूम, अठ्ठावीस वर्षांचा रघुवीर माईक हिसकावून घेऊन म्हणाला, "कुणी नाही राहिलं. आवरा!" त्याच्या खांद्यामागं चौकटीच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात दिसत होता, हातात जिलबीची परात. हातानं परात खाली ठेवली आणि तो निघून गेला.

तारळेकरांचा चेहरा खर्रकन उतरला. घरचं माणूस, त्याला काय बोलवायचं, ते आपलं आपण जेवेल, असं सगळ्यांनीच धरलं होतं. पण 'कुणी नाही राहिलं' हे माईकवर, दोनशे लोकांत, सख्ख्या भावानं सांगितलं होतं. आणि पुढची पाच वर्षं ती आली, राहिली, डबे भरून द्यायची, आणि यांच्याकडे कधी पानावर बसली नाही. उपास आहे म्हणायची. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि ती लपवायला ते चष्मा पुसत बसले.

"चौतीस वर्षं," विजयाबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं मी ऐकतेय, तुझ्या माहेरच्यांच्या साडीपायी अक्का रुसली म्हणून."

तारळेकरांनी टंकलिखित आदेशाच्या चार घड्या करून तो खिशात टाकला.

शेवटच्या पॉजला त्यांनी कागद आणला नाही. विजयाबाई शेजारी उभ्या राहिल्या, यास्मिननं बोट बटणावर ठेवलं, आणि पाठ थांबल्याबरोबर तारळेकर म्हणाले, "अक्का, तू राहिलीस. चल जेवायला."



"आता कुठं जेवू?" पाठ म्हणाली. आवाज थोडा ओला होता. "पानं उचलली, भांडी घासायला गेली. इथं जिलबीचा तुकडा उरलेला नाही."

"मग घरी ये."

"कुणाच्या?"

"माझ्या. मधे सात दिवस मिळतात. तसं मशीन घेतो मी."

अक्कांनी मान तिरकी करून खांद्यावरून चोरटं बघितलं. तेवढ्यात पडद्यावर एक पांढरी रेघ सरकत आली आणि नेमकी चेहऱ्यावर बसली. "केस कुठं गेले रे तुझे?"

"नोकरीत गेले."

"म्हातारा झालास की. आणि मी? मी कशी दिसते आता?"

कॅसेटमधल्या माणसांना त्यांचं पुढचं काही सांगायचं नाही, असा झंकार व्हिडिओचा कडक नियम आहे. यास्मिननं भुवया वर केल्या.

"तू अजून तशीच आहेस," ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

"चल, चावट कुठला." पाठ पुन्हा सरळ झाली. "न्यायला कोण येणार? मुराळी आल्याशिवाय मी माहेरी पाऊल टाकत नाही, ठाऊक आहे ना?"

"मी येतो. मीच मुराळी."

पडदा निळा झाला, आणि आत टेप तुटल्याचा बारीक आवाज आला.

यास्मिननं तुटकी टोकं जोडायला घेतली. "हात वर केला नाही त्यांनी, काका. नियमानं ही संमती धरता येत नाही."

"मुराळी कोण म्हणून विचारलं तिनं," तारळेकर म्हणाले. "जी यायची नसते, ती मुराळी विचारत नाही."

यास्मिननं विचार केला. तिलाही दोन भाऊ होते. तिनं रजिस्टरमध्ये संमतीच्या रकान्यात 'मुराळी विचारला' असं लिहिलं आणि मेणकापड काढायला उठली.

सोमवारी सकाळी मशीन सुरू झालं आणि माणसं दुकानाच्या मागल्या दारानं एकेक करून बाहेर पडू लागली. भटजी सोवळं सावरत नरसोबाच्या वाडीला गेले. बँडवाल्यांनी दारातच चौकशी करून दुसऱ्या एका लग्नाची सुपारी घेतली. नवरी मुलगी तासगावला माहेरी गेली, विजयाबाईंच्या आईनं तिला ठेवून घेतलं आणि फोन करून लेकीला सुनावलं, "बघ, ही कशी उलट न बोलता जेवते." तरुण रघुवीर मात्र कुठं गेला नाही. तो दारातून बाहेर आला, घड्याळ बघितलं, आणि तसाच आत जाऊन डिस्कवर मध्यान्हपूर्व रुजू झाला. एका दिवसाचाही अवधी न घेणारा तो एकटाच. तारळेकरांना हे बघून अभिमान वाटायला हवा होता, पण 'गाढव आहे' असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

अक्का दुपारी तीनला आल्या. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. त्या स्कूटरवर मागं बसल्या. तारळेकरांनी आरसा हलवून बघितला, त्यात नुसती कानातली कुडी दिसली. गणपतीच्या देवळापाशी गतिरोधक आला तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक हात पडला, आणि घर येईपर्यंत तिथंच राहिला.

विजयाबाईंनी पाट मांडला होता, पानाभोवती रांगोळी काढली होती. अक्का बसल्या. तारळेकरांनी जिलबी वाढली. अक्कांनी पानावर हात आडवा धरला, जसा धरायचा असतो, आणि तारळेकरांनी हाताच्या फटीतून आणखी एक वाढली, जशी वाढायची असते. तिसरीला अक्कांनी नको नको करत मान वर केली आणि पदर मागं सरला.

डावी भुवई अर्धीच होती. लहानपणी झोक्यावरून पडल्या होत्या त्या. झोका रघूनंच ढकलला होता. हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. पुढचा दात किंचित आडवा. हे सगळं कसं विसरलो, असं तारळेकरांना झालं, आणि ते परात हातात धरून तसेच उभे राहिले.

"बघतोस काय? मठ्ठा आण," अक्का म्हणाल्या.

सातही दिवस त्या राहिल्या. आमटीत गूळ कमी पडतो, ही भावजय चांगली आहे, आणि तुझे पाय फार थंड असतात, मोजे घालत जा, असं त्यांनी वेळोवेळी सांगितलं. साडीचा विषय विजयाबाईंनी स्वतः काढला, आणि दोघी त्यावर इतक्या हसल्या की तारळेकरांना गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं. पुढच्या सोमवारी विजयाबाईंनी त्यांची ओटी भरली. मुराळ्यानं स्कूटर काढली. दुकानाच्या मागल्या दाराशी अक्का उतरल्या, म्हणाल्या, "जाते," मग जीभ चावून म्हणाल्या, "येते," आणि आत गेल्या.

मंगळवारी डिस्क तयार झाली. यास्मिननं लावली. एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस हजर. नथ होती तशीच वाकडी. विजयाबाई म्हणाल्या, राहू दे, तिला शोभते. नवरी मुलगी दोन किलोनं भरली होती. आरशात बाबूभाई येताच यास्मिननं "हो अब्बा, जेवले" असं हळूच सांगून टाकलं.

मग शेवटची पंगत उठली. तारळेकर खुर्चीच्या कडेवर आले. माईकवर कुणीतरी विचारलं, "जेवायचं कुणी राहिलंय का हो?" अठ्ठावीस वर्षांच्या रघुवीरनं माईक हिसकावून घेतला. बदलीत माणसाची जागा बदलते, नोंद बदलत नाही, हे तारळेकरांइतकं कुणाला ठाऊक असणार?

"कुणी नाही राहिलं. आवरा!"

खांद्यामागं हिरव्या बांगड्यांचा हात आला, हातात जिलबीची परात. हातानं परात खाली ठेवली नाही. पाठोपाठ मालूअक्का अख्ख्या चौकटीत आल्या आणि अर्धी भुवई उडवून थेट समोर बघत म्हणाल्या, "आवरा, आवरा. मी भावाकडं जेवून आलेय."

नवरा मुलगा गोंधळला. "कुठल्या भावाकडं?"

"आहे एक," अक्का म्हणाल्या. "टकला."

तारळेकरांनी डोक्यावरून हात फिरवला, खिशाचा पेन काढला आणि प्रमाणपत्रावर सही केली.